बारीचं पेटंट

खुटबावच्या वस्तीवर स्वप्नाली शेळ्यांना पाला टाकत होती, तेव्हा पोस्टमनने रजिस्टरचं पाकीट तिच्या हाती दिलं.

“नोकरीचं दिसतंय,” तिचे आजोबा ज्योतिबा हरखले. “पेढं आण की मग!”

नोकरीचं नव्हतं. एका कंपनीची वकिली नोटीस होती. सामाईक विहिरीच्या पाण्याची बारी, म्हणजे पाळी, मोबाइलवर फिरवण्याची पद्धत आमच्या पेटंटची आहे. तुमचं ॲप पंधरा दिवसांत बंद करा.

ॲप तिने कॉलेजात असताना केलं होतं, तेही फुकट. राहू, भांडगाव या गावांपर्यंत साठ विहिरींवर ते चालत होतं. पद्धत तर आजोबांच्याही आधीची. दर आठवड्याला बारी एका घराने पुढे सरकायची, म्हणजे मोटारीला रात्री येणारी लाइट कायम एकाच्याच वाट्याला येत नसे.

दुसऱ्या दिवशी दोघं दौंडला जयसिंगराव वकिलांकडे गेले.

“नुसत्या सॉफ्टवेअरला आपल्याकडे पेटंट नाही,” वकील म्हणाले. “त्यांनी ते मोटारीच्या स्टार्टरला जोडून दाखवलं, म्हणून मिळालं.”

“पण माझं ॲप स्टार्टरला जोडलेलंच नाही, सर. नुसतं नाव दाखवतं.”

“ते कोर्टात सांगायचं. पाच वर्षं, सात वर्षं. नाहीतर ही रीत जुनी असल्याचा पुरावा आणा. तारखेसकट.”

“त्यात काय! हिरीवरच्या इंजनघराच्या भिंतीवर कोळशानं बारी लिवतो की आमी.”

“मग जुन्या सालांचं दाखवा, आबा.”

आजोबा घुटमळले. “दर दसऱ्याला चुना मारतो. जुनी भांडणं नव्या सालात न्हेऊ नयेत, म्हणून पुसायचंच. तसा नेम हाय.”

वकिलांनी नोटीस मिटून परत दिली. एखादं गाव आपली युक्ती कुणाच्याच नावावर न लावता वापरत राहील, हे कायदा लिहिणाऱ्यांच्या मनातही आलं नसावं.

पंधराव्या दिवशी स्वप्नालीने कंपनीच्या हमीपत्रावर सही केली. ॲप बंद झालं.

तासाभरात भांडगावहून पुतळाबाईंचा फोन आला.

“आगं पोरी, तुजं ते मोबाइलातलं उघडंना. आज बारी माजी का सविताची? दोघीबी हिरीवर हाय. ती बटनाला हात घालतीया बघ! बोल की.”

बारी सविताची होती. स्वप्नालीला ते तोंडपाठ होतं. पण ‘ही सेवा कोणत्याही प्रकारे देणार नाही’ असं तिनेच लिहून दिलं होतं. तोंडी नाव सांगणं त्यात येतं का, हे वकिलांना विचारायचं राहून गेलं होतं.

फोनमध्ये दोघींचा आवाज चढत गेला.

“स्वप्नाली? आगं, हायस न्हवं?”