भूमिरक्षक आघाडीच्या दोघी जावा

चौसाळ्याच्या अलीकडच्या एका गावात सुंदरराव आणि विठ्ठलराव या चुलतभावांचं बांधावरून बोलणं बंद होतं. भाऊ भांडले तर भांडोत बापडे, पण त्यांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली छबुबाई सुंदररावाला दिलेली, धाकटी विमलबाई विठ्ठलरावाला. नवऱ्यांच्या ताठ्यापायी दोघींना कित्येक वर्षं एकमेकींचा उंबरा बंद. विमलबाईच्या मनाला ते फार लागायचं.

मग सोसायटीवाल्यांनी ग्रामपंचायतीला पॅनल उभं केलं. हे सहकारवाले आले तर सीलिंगच्या नावाखाली आपल्या जमिनी वाटतील, या धास्तीनं भाऊ एक झाले. 'भूमिरक्षक आघाडी' म्हणे! वॉर्डात जागा दोन, प्रत्येकाला मतंही दोन. सुंदररावाची छत्री, विठ्ठलरावाचा कंदील. बायकांची मतं आणायला दोघी जावांना धाडलं.

साल दुष्काळाचं. गावातल्या बायका लिंबागणेशच्या रस्त्यावर खडी फोडायला. विमलबाई बहिणीच्या जोडीनं उन्हात हिंडली, तिच्याच फडक्यातली भाकर खाल्ली. इतकी खूश ती लग्नातही नव्हती. निघताना विठ्ठलरावानं बजावलं होतं, "जरा मागं राहायचं अन् हळूच सांगायचं, शिक्का फकस्त कंदिलावर मारा. छत्री पडली तर पडू दे."

विमलबाईनं मान डोलावली, पण खडीवर सगळ्यांना दोन्ही शिक्के मारा म्हणूनच सांगितलं. इतक्या वर्षांनी मिळालेल्या बहिणीशी दगा करायला तिचं मन धजेना.

निकाल लागला. छत्री आली, कंदील सपाटून पडला, दुसरी जागा सोसायटीवाल्यांनी नेली. विठ्ठलरावानं चावडीवरच भावाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि आघाडी तिथंच खलास झाली. कसली भूमी आणि कसले रक्षक!

दुपारी खडीवरची भिवराबाई घोटभर पाण्याला आली. विमलबाईनं तिला विचारलं, "आमच्या कंदिलावर कावून मारलं न्हाई गं?"

"तुमी दोन सांगितले, वैनी. पण थोरल्या वैनी मागं राहून म्हणल्या, एकच मारा, छत्रीवर. आमी एकच मारला."

विमलबाईला राग आला, पण रागापेक्षा रडू जास्त आलं.

दिवेलागणीला छबुबाई चोरून परसदारी आली. पदराखाली पेढे होते. धाकटीच्या नजरेला नजर देणं तिला जमत नव्हतं.

"विमल, मी छत्रीच सांगितली गं," ती म्हणाली. "तू बी मागं राहून कंदीलच सांगितला असशील की. दोघींना एकच पढवलं असणार यांनी." आणि ती उत्तरासाठी दाराशीच थांबली.

न्हाई म्हटलं तर आक्का शरमेनं पुन्हा या दारात पाऊल टाकणार नाही, हे विमलबाईला दिसत होतं.

"व्हय आक्का," ती म्हणाली. "मी बी कंदीलच सांगितला व्हता."

छबुबाई हसली, मोकळी झाली आणि आत येऊन चुलीपाशी बसली.