चुडीचा बल्ब

वंदनाने पिशवीतला लाल बल्ब काढला, होल्डरला लावून पाहिला आणि हात खाली घेतला.

“मामाजी, हा तं चुडीचा हाये.”

तिच्या सासऱ्यांनी, पुंजाजींनी पाहिलं. बल्बच्या बुडाला बाटलीच्या तोंडासारखे आटे होते. शेडमध्ये टांगलेल्या पत्र्याच्या छत्रीखाली चार होल्डर होते, चारही घरातल्यासारखे पिनांचे. खाचेत पिना अडकवायच्या आणि किंचित फिरवायचं. आट्याचा बल्ब त्यात बसणं शक्यच नव्हतं.

“चारही तसेच?”

“चारही.” वंदनाने घड्याळ पाहिलं. दोन वाजून गेले होते. “पाचले गाडी येते.”

गाडीत कोंबडीची तीनशे पिल्लं होती, एका दिवसाची. बचतगटाचं हे पहिलंच काम. दहा बायकांच्या दारी जाऊन वंदनाने त्यांना तयार केलं होतं. डिसेंबरची थंडी, आणि एवढ्या लहान पिल्लांना ऊब नसली की ती एकमेकांच्या अंगावर चढतात, खालची गुदमरून मरतात. सकाळपर्यंत निम्मी राहिली तरी नशीब.

चूक पुंजाजींची होती. खामगावच्या दुकानदाराने विचारलं होतं, पिनचे की चुडीचे? पुंजाजींचं लक्ष तेव्हा रस्त्याकडे, एसटी चुकेल म्हणून. “पिल्लांचे दे बाबा,” ते म्हणाले. त्याने चारही बल्ब पेटवून दाखवले. पुंजाजींनी उजेड पाहिला, बूड पाहिलं नाही.

वंदनाने जवळच्या पिंपळगाव राजा या गावातल्या दुकानात फोन लावला. त्याच्याकडे चुडीचे होल्डर होते, पण झुंबराचे, करंगळीएवढ्या तोंडाचे. पिनच्या होल्डरात बसणारा, चुडीचा बल्ब धरणारा जोडही होता, पण प्लास्टिकचा.

“अडीचशे वॅटचा बल्ब हाये ना ताई? वितळून खाली पडन. चिनीमातीचाच पाह्यजे.”

खामगावला जाऊन परत येईपर्यंत सात वाजले असते.

पुंजाजी शेडला एक चक्कर मारून आले. खाली बसले, उठले. बिडी पेटवली आणि भुशात ठिणगी पडेल म्हणून लगेच विझवली. पुन्हा एक चक्कर मारली.

“काऊन फिरून राह्यले मामाजी? शेगडी आणू का?”

“शेगडीच्या धुरानं मरतीन ते.”

चिनीमातीचे चुडीचे होल्डर कुठे आहेत, हे त्यांना ठाऊक होतं. गावाबाहेर जायचीही गरज नव्हती. पण ते ठाऊक आहे असं सांगणं हाच गुन्ह्याचा कबुलीजबाब होता.

अठरा वर्षांपूर्वी गावात खांबावरचे बल्ब टिकत नसत, लोक काढून घरी लावत. तेव्हाच्या सरपंच सत्यभामाबाईंनी एकदा गुपचूप वायरमनकडून सगळ्या खांबांवर चुडीचे होल्डर बसवून घेतले. वर पत्र्याची टोपी असल्यामुळे खालून काही दिसायचं नाही. त्याच आठवड्यात पुंजाजींच्या मुलीला पाहायला पाहुणे यायचे होते आणि घरचा बल्ब उडाला. संध्याकाळी ते शिडी घेऊन खांबावर चढले. बल्ब ओढून निघेना, म्हणून फिरवत राहिले. घरी आणला, तर घरच्या होल्डरात बसेना. परत लावायला निघाले, तेव्हा चौकात माणसं जमली होती, म्हणून तसेच मागे फिरले. त्या अंधारात सत्यभामाबाई नालीत पडल्या. मोडलेलं उजवं मनगट अजून वाकडंच आहे. पुढच्या ग्रामसभेत त्या एवढंच म्हणाल्या, “खांबावर काय हाये, ते मले आन् वायरमनले माहीत. तिसऱ्याले माहीत असन, तं तोच माहा चोर.”

पुढे एलईडी दिवे आले, वायरमन वारला. त्यानेच उतरवलेले जुने होल्डर बाईंच्या कोठ्यात पोत्यात शिवून पडले होते.

तीन वाजले. वंदना छत्रीखाली उकिडवी बसून एकच बल्ब पुन्हा पुन्हा होल्डरला लावून पाहत होती, जणू एखाद्या वेळी बसेल. ते पाहून पुंजाजींनी चपला घातल्या.

सत्यभामाबाई अंगणात हरभरा निवडत होत्या. पुंजाजी उभेच राहिले.

“बाई, पिल्लाईसाठी चार होल्डर पाह्यजे होते. पोत्यातले. खांबावरचे.”

“होल्डर तं तुमच्या शेडात हायेत.”

“ते पिनचे हायेत. बल्ब चुडीचे आले.”

बाईंचा हात सुपातच थांबला.

“मंग माह्याकडचे कायले चालतीन तुले?”

पुंजाजींनी खाली पाहिलं. वाकडं मनगट सुपाच्या काठावर टेकलं होतं.

“ते चुडीचे हायेत, बाई,” ते म्हणाले.

बाईंनी सूप बाजूला ठेवून कमरेची किल्ली काढली.

“पोतं तू उचल. माह्या हातानं उचलत नाही.”

शेडमध्ये पोतं सोडलं, तेव्हा वंदना चकित झाली. “बाई, हे चुडीचे हायेत हे कोणाच्या ध्यानात आलं?”

“पुंजाजीले आठवलं,” बाई म्हणाल्या. “पोरीच्या लग्नाच्या वक्ताची गोष्ट हाये. त्याची आठवण चांगली हाये.”

वंदनाने मेन बंद करून पिनचे होल्डर काढले, पोत्यातले बसवून वायरी नव्याने आवळल्या. बाईंनी एक लाल बल्ब पुंजाजींपुढे धरला.

“चढव. उतरवता येते तं चढवताही येत असन.”

वंदना पेचकस शोधायला वळली होती. तिने ऐकलं की नाही, पुंजाजींना कळलं नाही. त्यांच्या हातून पहिला आटा तिरका गेला. बाईंनी वाकड्या हाताने होल्डर धरून ठेवला, तेव्हा तो सरळ बसला. चौथा बल्ब चढला, तोवर रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला.

खोक्यातून ओतलेली पिल्लं आधी एका जागी गोळा झाली. मग लाल उजेडात तो गोळा हळूहळू सुटला आणि पिल्लं छत्रीखाली सगळीकडे पसरली. वंदना पाणी ठेवायला धावली.

“तो बल्ब कुठी हाये?” बाईंनी हळूच विचारलं.

“कोठीवर. फडक्यात बांधून.”

“उद्या आण. पाहू पेटते का.” पदर सारखा करत त्या दाराकडे निघाल्या. “आन् दिवसाउजेडी आण. चौकातून.”

पुंजाजींनी मान हलवली. एक पिल्लू छत्रीच्या कडेला जाऊन पुन्हा पुन्हा बाहेर पडायला पाहत होतं. त्यांनी ते उचलून उबेत सोडलं. ते पुन्हा कडेला गेलं.