चारशे बारा व्हॉइस नोट्स

"घरीच आहेस ना?" दार पुरतं उघडायच्या आत रामदासकाकांनी विचारलं. काका सोसायटीचे सेक्रेटरी. हा प्रश्न ते गेले अकरा आठवडे विचारत होते आणि उत्तरासाठी एकदाही थांबले नव्हते. "लिफ्टवाला येतोय. खाली कुणीतरी समजूतदार माणूस उभा हवा."

विश्वजीत लॅपटॉप मिटून खाली गेला. लिफ्टवाला तीन तासांनी आला.

चूक त्याचीच होती. तो घरून सॉफ्टवेअरची कामं करायचा, म्हणजे कोथरूडच्या लेखी आधीच घरी बसलेला. त्यात पहिल्याच आठवड्यात त्याने खरं सांगून टाकलं होतं, "काका, तीन महिने बाहेरचं काम घेत नाहीये. स्वतःचं एक करायचंय." स्वतःचं, म्हणजे कुणाचंच नाही, असा अर्थ काकांनी लावला. मग पार्किंगचे स्टिकर आले, टँकरवाल्याशी भांडण आलं, गणपतीच्या स्मरणिकेची प्रुफं आली. शिवाय गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवणारं ॲप. ते मात्र वेळेत पूर्ण झालं. मीटिंगमध्ये टाळ्याही पडल्या.

स्वतःचं काम होतं आबांचं. वडील, बजरंगराव, चौतीस वर्षं सिटी बसवर कंडक्टर. मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली, समज शाबूत राहिली. पण टाइप करायचा त्यांना पहिल्यापासून कंटाळा, त्यामुळे घरच्या ग्रुपवर त्यांच्या चारशे बारा व्हॉइस नोट्स पडून होत्या. त्यातला एकेक शब्द कापून विश्वजीत टॅबवर बटणं करत होता. बटण दाबलं की आबा स्वतःच्या आवाजात बोलणार. 'पाणी' मिळालं 'विशू, उद्या पाणी येणार नाय, भरून ठेव'मधून. 'दुखतंय' मिळालं 'थोडं दुखतंय, पण ठीक हाय'मधून. पुढचं त्याने कापलं.

'नको' काही मिळेना.

दुपारी आबांचं करायला येणाऱ्या कांताबाई त्यांना भात भरवत होत्या. आबांनी तोंड फिरवलं.

"असं नाही करायचं आबा. हा घास विशूदादाचा."

घास गेला. आबांनी पुन्हा तोंड फिरवलं.

"अगंबाई, पाणी हवंय होय?"

पाणीही गेलं, थोडं हनुवटीवरून ओघळलं. आबा टॅबकडे बघत राहिले. पाणी, दूध, पंखा, पोळी. सगळी मागायची बटणं. मग त्यांनी विश्वजीतकडे बघितलं, विनातिकीट सापडलेल्या माणसाकडे बघावं तसं.

"सापडला का शब्द?" संध्याकाळी शेफालीने, त्याच्या बायकोने, विचारलं.

"सगळ्या ऐकल्या. 'चालंल', 'बघू', 'तुमचं होऊ द्या आधी'. माणूस एकदाही नको म्हणालेला नाही."

"खानदानी आहे ते," शेफाली म्हणाली. "आणि सोमवारपासून तुझं आठ महिन्यांचं काम सुरू होतंय. मग कधी करणारेस?"

सुट्टीच्या शेवटच्या रविवारी त्याने हार मानली आणि तो शब्द स्वतःच्याच आवाजात रेकॉर्ड करायला घेतला. पहिले चार प्रयत्न परवानगी मागितल्यासारखे आले. पाचवा बरा झाला. टॅब त्याने आबांच्या डाव्या हाताशी ठेवला.

कांताबाईंनी शिऱ्याचा चमचा पुढे केला. आबांनी अंगठा टेकवला.

"नको."

चमचा हवेतच थांबला. "बरं बाई," कांताबाई म्हणाल्या, "नको तर नको." त्यांनी वाटी बाजूला ठेवली. आबांच्या तोंडाची डावी बाजू हलली. ते हसू होतं हे कळायला विश्वजीतला जरा वेळ लागला.

तेवढ्यात बेल वाजली.

"घरीच आहेस ना? तुझ्या त्या ॲपात भाडेकरूंची यादी वेगळी हवीय. लाल अक्षरात. चल, खाली ऑफिसात बसूनच उरकू, दोन तासांचं तर काम."

"काका, आज जरा..."

"नको," आतून टॅब म्हणाला. त्याच्याच आवाजात, अगदी स्पष्ट.

काकांनी त्याच्या ओठांकडे बघितलं. "काय म्हणालास?"

"काही नाही. टेस्टिंग चाललंय."

त्याने चपला घातल्या. लिफ्ट पुन्हा बंद पडली होती, म्हणून दोघं जिन्याने उतरले. दोन मजले खाली येईपर्यंत ते ऐकू येत होतं. नको. मग थोडं थांबून, पुन्हा, नको.

"कुणाची तरी रिंगटोन दिसतेय," काका म्हणाले. "उचलत का नाहीत लोक?"

"हो ना," विश्वजीत म्हणाला.