निवळलेला हंडा

"सरका, हंड्यावर सावली पडू देऊ नका!" महाराज ओरडले. तळ्याकाठी अख्खी वस्ती लोटली होती. त्यांनी कापड गुंडाळलेली काठी गढूळ हंड्यात बराच वेळ फिरवली आणि डोळे मिटले. अर्ध्या तासात गाळ खाली बसला, वर आरशासारखं पाणी उरलं. बायकांनी हात जोडले.

"हे पाणी उकळायचं नाही! विस्तव लागला की गुण पळतो. मग दुखणं आलं तर मला बोल लावू नका."

सोय छान होती. गुण आला तर महाराजांचा, नाही आला तर चुलीचा दोष.

माझी दोन वर्षांची मुलगी तीन दिवस जुलाबांनी गळून गेली होती. नवरा कामासाठी परगावी, आणि स्वयंपाकघर सासूबाईंच्या ताब्यात.

"आई, तिचं पाणी उकळून देते."

"आणि गुण घालवतेस? एवढे लोक पितात ते काय वेडे आहेत?"

मी चोरून उकळलेलं पाणी त्यांनी मोरीत ओतलं. मोरी तळ्यात जायची, संडासांचे पाइपही तळ्यातच, आणि प्यायचा हंडाही तिथेच भरायचा. सगळ्या वस्तीची घाण आणि प्यायचं पाणी एकाच वाडग्यात होतं.

लग्नाआधी मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होते. तिथल्या दोन बाटल्या माझ्या पेटीत होत्या. पाण्यात मैल्यातले जंतू असले की त्या काळ्या पडतात. एकीत महाराजांचं पाणी भरलं. दुसरीत मोरीत जाण्याआधी वाचवलेलं उकळलेलं पाणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराजांच्या पाण्याची बाटली काळीकुट्ट होती, दुसरी जशीच्या तशी. गाळ तुरटीनेही असाच बसतो हे मला ठाऊक होतं, म्हणून दोन्ही बाटल्या घेऊन मी न्हाव्याच्या दुकानात गेले.

"काका, तुरटी आहे?"

"हा शेवटचा खडा, वहिनी. बाकी सगळी महाराज नेतात, आठवड्याला अर्धा किलो. दाढीला म्हणतात. पण दाढी तर छातीवर रुळतेय!"

मी त्यांना तसंच तळ्यावर नेलं. त्यांनी सगळ्यांदेखत दुसऱ्या हंड्यात खडा फिरवला. थोड्या वेळात तेही पाणी निवळलं.

"महाराज, काठीचं कापड सोडा की," न्हावीकाका म्हणाले. "काठी तपासायची नसते!" म्हणत महाराज ती छातीशी धरून मागे सरकले. कोणीतरी कापड ओढलं. आत झिजलेली तुरटी बांधलेली होती. हशा पिकला.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. "असेल तुरटी. पाणी स्वच्छ होतं ना?"

खरी गाठ इथे होती. मी दोन्ही बाटल्या त्यांच्या हातात दिल्या.

"स्वच्छ दिसतं, आई. तुरटीने माती बसते, पण सगळे जंतू जात नाहीत. ही जशीच्या तशी राहिली ती उकळलेल्या पाण्याची. ही काळी महाराजांच्या हंड्याची. आपल्याच संडासातली घाण आहे त्यात."

"मी तिला हेच पाजलं?"

"हो."

त्या घरी गेल्या आणि त्यांनी चूल पेटवली. उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात मी सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलं. दवाखान्याच्या वाटेवर सासूबाई तिला घोट घोट पाजत राहिल्या. दुपारी मुलीने लघवीने लंगोट ओला केला, म्हणजे अंगात पाणी टिकू लागलं होतं, तेव्हा आम्ही दोघी रडलो.

तळं सोडून आम्हाला जायला जागा नाही. पाइप अजून त्यातच सुटतात. ते हलवण्यासाठी भांडावं लागेल. तोवर पाणी उकळा, हात साबणाने धुवा. आणि कोणी म्हणालं की तपासू नका, तर तेच आधी तपासा.