उतू गेलेल्या दुधाखाली

मित्रांनो, मी निंबर्ग्याच्या शिवारातली एक म्हातारी काळी मुंगी आहे. मुंगीसारखे कष्टाळू व्हा, असं तुमच्या पुस्तकात असतं म्हणे. लिहिणाऱ्याने कधी वारुळात डोकावलेलं दिसत नाही.

कोशातून निघाले तेव्हा मी चांगली गुबगुबीत होते. पोटात चरबी, डोक्यातल्या ग्रंथींत रस. तो अळ्यांना पाजायचा आणि उबेत बसायचं, एवढंच काम. वय वाढलं तशी चरबी झडली, ग्रंथी सुकल्या आणि माझी रवानगी बाहेर झाली. आमच्यात बाहेर जाते ती म्हातारी. पाखराने उचलली तरी फारसं बिघडत नाही ना! दाणे ओढून माझे जबडे बोथट झाले. दाणा घेऊन दारात आले की आतल्या ठोंब्या पोरी नाक मुरडत, "आली वाळकाडी!" त्या वाळकाडीच्याच दाण्यांवर त्यांची पोटं सुटली होती.

येळवशीच्या, म्हणजे शेतपूजेच्या अमावास्येला माणसं तुरीच्या शेतात जेवायला आली. कडब्याची खोप उभी राहिली. दूध उतू घालायला शरणबसव चूल मांडू लागला, ती नेमकी आमच्या वारुळावर.

"कामून तिथं मांडायलास, शरणा? खाली मुंग्या हायत," त्याची आई लिंगम्मा म्हणाली.

"अव्वा, तू बस बघू खोपीत. तुला समदीकडं मुंग्याच दिसतेत."

"अत्ती, त्यास्नी बी आंबील पाजू की!" सून सुधारानी हसली.

म्हातारी खोपीत जाऊन बसली. माणसांतही वाळकाडीची किंमत तेवढीच!

"उगवतीला उतू गेलं! औंदा तूर लई व्हतीय!" वर टाळ्या वाजल्या. खाली आमच्या पोरी अळ्यांना खोल नेता नेता भाजून मेल्या. आम्ही म्हाताऱ्या तेवढ्या पूजेला वाहिलेल्या बाजरीच्या उंड्यांचा चुरा वेचत बाहेर होतो, म्हणून वाचलो.

राख निवल्यावर आत शिरलो. तळाशी अळ्या तोंडं वर करून वळवळत होत्या. पाजणारी एकही उरली नव्हती आणि आम्ही कोरड्या. तरी मी त्यांच्यापाशी बसले, त्यांना चाटत राहिले. काही मेल्याच. मग हळूहळू माझ्या पोटात पुन्हा चरबी धरू लागली, सुकलेल्या ग्रंथी ओलावल्या. एक अळी माझ्या तोंडाला लागली आणि प्याली. काम बदललं तसं म्हातारं अंगही बदललं. जबड्यांना मात्र पुन्हा धार आली नाही.

आता त्या अळ्यांच्या मुंग्या झाल्या आहेत. परवा एकीने माझे जबडे पाहून नाक मुरडलं. मीच पाजलेली!

मित्रांनो, माझी कीव करू नका. तुमची कीव म्हणजे चिमूटभर साखर आणि डोक्यावर चुलीचा धोंडा. पुढच्या येळवशीला चूल मांडण्याआधी खोपीत बसवलेल्या म्हातारीला तेवढं विचारा. आणि ती सांगेल तेव्हा हसू नका.