दोन इंच कमी पडलेलं जाकीट

टेलर मास्तरांच्या दुकानात सकाळपासून एकही गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं आणि मास्तरांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. ते मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. हल्ली घरात, दुकानात, कचेरीत सगळीकडे हेच दृश्य दिसतं, तेव्हा त्यात नवल काही नाही. नवल होतं ते त्यांच्या चेहऱ्यावरच्या गोंधळाचं. परीक्षेला बसावं आणि प्रश्नच कळू नयेत, तसा तो चेहरा झाला होता.

सहा महिन्यांपूर्वी भाचीनं त्यांना एका संकेतस्थळावर खातं उघडून दिलं होतं. तिथं लेख लिहायचा, वाचणाऱ्यांनी मतं द्यायची आणि मतांप्रमाणे लेखकाला बक्षीस मिळायचं. मास्तरांना कल्पना भारी आवडली. कॉलर का फुगते, बाही कशी बसवावी, हे त्यांनी आकृत्या काढून, जीव ओतून लिहिलं. एकेका लेखाला चार-चार दिवस घालवले. बक्षीस मिळालं शून्य. आणि कुणीतरी मांजराचा फोटो टाकून नुसतं ‘शुभ सकाळ’ म्हटलं, त्याला दोनशे मतं!

मास्तर चक्रावले. नियम विचारावेत तर जो तो वेगळंच सांगे. एक म्हणाला, लेख दुपारी टाका. दुसरा म्हणाला, दुपारी तर मुळीच नको. जुन्या मातब्बरांच्या मताला वजन असतं आणि नव्या माणसाचं मत हिशेबातच धरत नाहीत, हेही कुणीसं सांगितलं. पण आपलं नेमकं चुकतंय काय, ते काही कळेना.

शेवटी ते एका ‘परस्पर प्रोत्साहन गटा’त शिरले. माणसं तीस. प्रत्येकानं रोज एक लेख टाकायचा आणि बाकीच्यांना मत देऊन दोन गोड शब्द लिहायचे. मास्तर रोज ‘छान जमलंय, लिहीत राहा’ एवढंच एकोणतीस ठिकाणी चिकटवू लागले. वाचायला वेळ कुणाला होता? स्वतःचा लेखसुद्धा ते घाईघाईनं उरकायचे.

आणि काय आश्चर्य! बिनबाह्यांच्या जाकिटाच्या कटिंगवर त्यांनी दहा मिनिटांत खरडलेल्या लेखाला आजवरचं सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं. कुणी ‘अप्रतिम’ म्हणालं, कुणी ‘माहितीपूर्ण’. एकानं तर ‘मी करून पाहिलं, झकास बसलं’ असंही लिहिलं. मास्तर हरखून गेले. पण आज सकाळी त्याच लेखाखाली एक प्रतिक्रिया आली होती आणि ती वाचल्यापासून ते असे बसले होते.

काजं-बटणं करणारी त्यांची थोरली बहीण शेजारच्या स्टुलावर होती. मास्तरांनी ती प्रतिक्रिया तिला वाचून दाखवली.

“मास्तर, मी तुमचे लेख पहिल्यापासून वाचते. शिवण त्यातूनच शिकले. माझ्या मताला किंमत नाही म्हणतात, तरी प्रत्येक लेखाला देते. परवा पहिल्यांदाच बाहेरचं काम आलं. तुमच्या मापानं जाकीट बेतलं, तर ते दोन इंच कमी पडतंय. बटणं काजांपर्यंत पोचतच नाहीत. कापड गिऱ्हाइकाचं आहे. बाकीच्यांचं झकास बसलं, म्हणजे माझाच हात वाईट. मशीन विकून टाकावं म्हणते. त्याआधी एवढं सांगा, माझं कुठं चुकलं?”

ताईनं मोबाइल हातात घेतला, चष्मा सारखा केला आणि आकृतीवर बोट ठेवलं.

“यात मार्जिन कुठंय?”

मास्तरांनी पाहिलं. छाती, मुंढा, खांदा, सगळं होतं. शिलाईसाठी प्रत्येक कडेला अर्धा इंच कापड जादा सोडायचं, तेवढंच लिहायचं राहिलं होतं! दोन बाजूंच्या चार कडा, म्हणजे बरोबर दोन इंच. तीस वर्षांच्या हाताकडून ही चूक व्हावी! मास्तरांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

“पण ताई, एवढ्या जणांनी वाचलं. एकालाही दिसू नये? एकानं तर करून पाहिलं म्हणे.”

“करून पाहिलं असतं तर त्यालाही दोन इंच कमीच पडलं असतं.”

मास्तर त्या गटावर घसरले. सगळे लबाड, म्हणाले. ताईनं सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, “काल तू ज्यांना छान म्हणालास, त्यातल्या एकाचा तरी विषय सांग.”

मास्तर आठवू लागले. वाचलंच नव्हतं, तर आठवणार कुठून?

तरीही त्यांचा गोंधळ मिटेना. चूक जाहीर केली तर मिळालेलं नाव जाणार, गट सोडला तर पुन्हा शून्य. त्या बाईला एकटीला गुपचूप कळवलं तर नाही का चालणार, असं ते पुटपुटले. ताईनं हातातलं काम बाजूला ठेवलं.

“अरे, तिला तुझ्या मापानं जेवढं फसवलं ना, त्याहून जास्त त्या शाबासक्यांनी फसवलं. सगळे छान म्हणतात म्हणून ती स्वतःलाच नालायक समजून बसलीय. आणि लेख तसाच राहिला तर उद्या आणखी कुणी कापड कापेल. चारचौघांत चुकलास, चारचौघांतच सांग.”

मास्तर उठले. त्यांनी एका जुन्या कापडाचं तसंच तोकडं जाकीट शिवलं, दोन्ही बाजू उसवल्या, काखेपासून खालपर्यंत एकेक पट्टी बसवून पाहिली आणि मगच लिहायला घेतलं. “माझ्या जाकिटाच्या लेखातलं माप चुकीचं आहे. त्याप्रमाणे कापू नका. चूक माझी आहे, शिवणाऱ्याची नाही.” पुढे पट्टीची कृती दिली. पट्टी दोन इंच रुंद कापायची, दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच शिलाईत जातो, हेही या वेळी न विसरता लिहिलं. जुन्या लेखाच्या माथ्यावरही तोच इशारा टाकला.

तासाभरात गटाच्या प्रतिक्रिया आल्या. ‘अप्रतिम यश, अभिनंदन!’ ‘छान जमलंय, लिहीत राहा.’ मास्तरांना आधी हसू फुटलं. मग आठवलं, की गेल्या आठवड्यात असा कबुलीजबाब दुसऱ्या कुणी दिला असता, तर आपणही हेच चिकटवलं असतं. त्यांनी तिथल्या तिथे गट सोडला.

दोन दिवसांनी त्या बाईचं उत्तर आलं. पट्ट्या बसल्या, जाकीट गिऱ्हाइकानं खुशीनं नेलं. मशीन बघायला माणूस आला होता, त्याला तिनं दारातूनच परत पाठवलं. शेवटी तिनं लिहिलं होतं, “मास्तर, चार दिवस मला वाटत होतं की आपल्याला काहीच येत नाही. तुम्ही सांगितलं नसतं तर जन्मभर तसंच वाटलं असतं.”

मास्तरांना आनंद झाला आणि त्याहून जास्त लाज वाटली. बक्षीस नेमकं कशाला मिळतं, हे कोडं त्यांना आजही सुटलेलं नाही. पण आता ते दिवसाला एकच लेख वाचतात, शेवटपर्यंत वाचतात आणि समजलं नाही तर तसं विचारतात.

वाचकहो, ‘छान’ म्हणायला आपल्याला काहीच खर्च पडत नाही, म्हणून आपण ते सढळ हातानं वाटत सुटतो. वाचल्याशिवाय वाटू नका. चूक दिसली तर सांगा, स्वतःची असेल तर आधी सांगा. कारण आपल्या शब्दावर विश्वास ठेवून कुणीतरी कुठंतरी दुसऱ्याच्या कापडाला कात्री लावत असतं.