चिमट्याच्या टोकावरचे लोखंड

मित्रांनो, मी एक जुना पोलादी चिमटा आहे. रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत, घट्ट झाकणाच्या बरणीत मी कोंडलेला आहे. बरणीवर चिठ्ठी आहे : 'वापरू नये'.

नवा होतो तेव्हा माझी टोके इतकी नाजूक होती, की एकेक केस उचलावा. इथे मी अक्षयाच्या हाती पडलो. ती हर्णेच्या एका खलाशाची मुलगी. नखाएवढ्या काचेवर ती झिंक ऑक्साइडचा केसाहून कितीतरी पातळ थर चढवी. त्यात किंचित कोबाल्ट मिसळले तर हा अर्धवाहक चुंबकासारखा वागेल का, हे तिला शोधायचे होते. काचेचा प्रत्येक तुकडा मीच उचलत असे.

खाऱ्या हवेने माझी टोके तांबूस झाली, झिजली. कोणाचे लक्षच गेले नाही.

तिसऱ्या वर्षी तुकड्यांच्या तपासणीचा निकाल मुंबईहून आला. चुंबकत्व होते! तिचे मार्गदर्शक अनिल सर खुर्चीतून उठलेच. "अक्षया, जिंकलीस गो!" शोधनिबंध स्वीकारला गेला. हर्णेला तिच्या आईने घरोघरी पेढे वाटले.

मग एकदा मी टेबलामागे पडलो. मी सापडेना म्हणून अक्षयाने प्लॅस्टिकचा चिमटा घेतला. त्या खेपेच्या एकाही तुकड्यात चुंबकत्व निघाले नाही. झाडताना प्रयोगशाळेचे शिपाई केरूमामा यांना मी सापडलो. अक्षयाने मला भिंगाखाली धरले आणि तिचा चेहरा उतरला. तिने थर न दिलेली कोरी काच माझ्या टोकांत धरली आणि तपासायला पाठवली. काय येणार ते मला ठाऊक होते, पण मला तोंड कुठे होते? कोऱ्या काचेतही तेच चुंबकत्व आले.

चार दिवस ती जुन्या नोंदी पुन्हा पुन्हा चाळत राहिली. बोलावे तर तीन वर्षे पाण्यात, न बोलावे तर जन्मभर खोटे नावावर. पाचव्या दिवशी तिने मला सरांपुढे ठेवले.

"सर, चुंबकत्व थराचं नाही. काचेला लागलेल्या या चिमट्याच्या लोखंडाचं आहे."

"अगो, पुढच्या आठवड्यात निबंध छापून येतोय!"

"म्हणून तर आज सांगतेय."

सरांनी मला उचलून माझी टोके निरखली. मग म्हणाले, "हत्यार मीही बघायला हवं होतं. पत्र लिही. दोघांच्या सहीने जाऊ दे."

निबंध मागे घेतला. अक्षयाला आणखी दीड वर्ष लागले. त्या थरात चुंबकत्व नाही, असेच तिने प्रबंधात लिहिले. टाळ्या फारशा पडल्या नाहीत; पण आज राजापूरला ती शिकवते, ते ताठ मानेने.

मी मात्र इथेच. नवी मुले येतात, बरणी हलवतात, "हाच तो!" म्हणतात. दोष माझ्या पदरात आहेच, मित्रांनो. पण हत्यार रोज पुसावे, त्याची टोके बघावीत, हे काम माणसांचे. आणि एक मागणे आहे : काचेला नका लावू मला, पण झाकण उघडा. कोणाच्या पायात काटा रुतला असेल, तो मी अजून काढू शकेन.